वेड्यांच्या इस्पितळातले ते ९८ रुग्ण

मालवणच्या जेटीवर मगरीबनंतर बसलो होतो. पलीकडच्या कट्ट्यावर तीन-चार पोरं होती, ओळखीच्या घरांतली. वास आला म्हणून एकाला जवळ बोलावलं. तो घाबरला नाही. म्हणाला, "चाचानू, झाडपालो तो. इंग्रजांनीच लिवन ठेवल्यानी, गांज्यान काय होणा नाय."

मी गप्प बसलो, कारण तो अगदीच खोटं बोलत नव्हता. फक्त अर्धं बोलत होता. उरलेलं अर्धं इथे लिहितो.

१८९१ साली ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाला, की गांजामुळे हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं भरत आहेत, हे खरं का? गांजा तेव्हा परवान्याच्या दुकानात उघड विकला जाई आणि सरकारला त्यातून महसूल मिळे. १८९३ साली एक आयोग नेमला गेला. त्याने ११९३ जणांच्या साक्षी घेतल्या आणि १८९४ साली सात खंडांचा अहवाल दिला.

आयोग म्हणाला, बेताने ओढणाऱ्या बहुतेकांना विशेष अपाय दिसत नाही. सरसकट बंदी नको, कर आणि नियंत्रण ठेवा. पोरं सांगतात ते एवढंच. पण त्याच अहवालात पुढे म्हटलं आहे, की अतिसेवनाने शरीर खंगतं, मन दुबळं होतं आणि ज्याचं मन मुळातच नाजूक आहे त्याला वेडही लागू शकतं.

आयोगाने इस्पितळांच्या नोंदवह्याही तपासल्या. १८९२ साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या या इस्पितळांत १३४४ रुग्ण दाखल झाले होते. त्यांपैकी २२२ जणांपुढे कारण म्हणून गांजा-भांग-चरस लिहिलेलं होतं. चौकशीत कळलं, की रुग्णाला घेऊन येणारा पोलीस विचारपूस न करताच हे कारण भरून टाकी. एकेक प्रकरण उलगडून पाहिल्यावर निम्म्याहून जास्त नावं गळली. ही आयोगाची सचोटी.

पण गाळणी लावल्यावरही ९८ रुग्ण उरले. म्हणजे शंभरात सात. त्यांची आठवण कोणी काढत नाही. मालवण तालुका तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता आणि रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ पासून उभं होतं. असली दारं आपल्या किनाऱ्यालाही परकी नव्हती.

आणखी एक गोष्ट. आयोगापुढे प्रश्न होता तो मुख्यतः प्रौढ माणसांचा: मजूर, बैरागी, फकीर. सोळा वर्षांच्या, अजून मेंदू घडत असलेल्या पोराचं काय होतं, हे तपासण्याची साधनं त्या काळात नव्हती. ती पुढे आली. १९८७ साली स्वीडनमध्ये सैन्यभरतीला आलेल्या ४५ हजारांहून अधिक तरुणांची पंधरा वर्षांची माहिती प्रसिद्ध झाली. भरतीआधी पन्नासहून जास्त वेळा गांजा-चरस ओढलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट होतं. ओढणारा प्रत्येक जण आजारी पडतो असं नाही. पण आपलं मन नाजूक आहे की नाही, हे पहिला झुरका मारताना कोणालाच ठाऊक नसतं.

आपल्यातली काही मुलं दुसरा युक्तिवाद करतात: हराम शराब आहे, गांजाचं नाव कुठे आहे? हा वादही नवा नाही. चौदाव्या शतकात दमास्कसचे इब्न तैमिया आणि कैरोचे झरकशी यांच्यासमोर हशीशबद्दल हाच सवाल होता. उत्तर सरळ होतं: बाटली की पाला हा मुद्दाच नाही, अक्कल झाकली जाते का ते बघा.

कायद्याचंही ऐका. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने गांजा ओढणं हाही गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्या घरात आखाताच्या व्हिसाची वाट बघितली जाते, तिथे पोलिसांतली एक नोंद किती महाग पडते, ते वेगळं सांगायला नको. पण याच कायद्याचं कलम ६४-अ फार थोड्यांना माहीत आहे. व्यसनाधीन माणूस सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणात सापडला आणि स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला, उपचार पूर्ण केला, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो.

म्हणून आई-बापांना सांगणं एवढंच. पोराला झोडपू नका, मोहल्ल्यात बोभाटा नको म्हणून लपवूही नका. झोप उडाली, संशय वाढला, एकटाच बडबडू लागला, तर बाहेरची बाधा शोधत फिरू नका, आधी डॉक्टर गाठा. रत्नागिरीचं ते मनोरुग्णालय आजही चालू आहे.

त्या पोराशी मी पुन्हा बोलणार आहे. या वेळी ते ९८ जण सोबत घेऊन.