तीन वर्षांचा हिशेब

दिवाळीच्या फराळाबरोबर आजाराच्या गोष्टी काढू नयेत, असे आमच्या घरी म्हणतात. तरीही मी ती काढतो आहे, आणि त्याला निमित्त फराळाचेच झाले. आमच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले एक गृहस्थ दर नरकचतुर्दशीला सकाळी माझ्याकडे येतात. तीन वर्षांपूर्वी श्रावणात त्यांच्या मोठ्या आतड्यातली कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने काढली. गेल्या दिवाळीत चकली मोडता मोडता ते म्हणाले, "अहो मास्तर, डॉक्टर म्हणतात, पहिली तीन वर्षे डोळ्यांत तेल घालून राहा, पाच निघाली की बहुतेक निर्धास्त. हे तीन आणि पाच ठरवले कोणी? पंचांगात तर कुठे दिसत नाही!"

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. मला काय उत्तर सुचणार? पण प्रश्न मनातून जाईना. आकडा आहे, तेव्हा तो कोणीतरी मोजलेला असणार. शोधता शोधता मी लंडनच्या एका शल्यविशारदापाशी जाऊन पोहोचलो. त्याचे नाव अर्नेस्ट माइल्स.

त्या काळी गुदाशयाचा कर्करोग खालच्या बाजूने, पोट न उघडता, कापून काढीत. माइल्सनेही १८९९ ते १९०६ या काळात अशा ५७ शस्त्रक्रिया केल्या. रोगी बरे होऊन घरी जात. इथेच थांबला असता तर त्याची गणना नामांकित शल्यविशारदांत झाली असती आणि गोष्ट संपली असती. पण माइल्स घरी गेलेल्यांचा माग घेत राहिला. ५७ पैकी ५४ जणांचा रोग उलटला होता, आणि तोही सहा महिने ते तीन वर्षे एवढ्या अवधीत! आमच्या शाळेत कोणाच्या विषयाचा असा निकाल लागला, तर त्याने आधी परीक्षकाला दोष दिला असता, मग मुलांना. माइल्सने स्वतःचा हा निकाल १९०८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात जगापुढे मांडला. मला त्याच्या हातातल्या सुरीपेक्षा या वहीचे अधिक कौतुक वाटते.

नुसते मोजून तो राहिला नाही. जे रोगी दगावले त्यांच्या शवविच्छेदनाच्या वेळी रोग नेमका कोठे उलटला हे त्याने पाहिले. ज्या जागी खालून सुरी पोहोचतच नव्हती तिथे तो सापडला: ओटीपोटातल्या पडद्यात, आतड्याला धरून ठेवणाऱ्या पदरात, वरच्या रक्तवाहिनीलगतच्या लसीकाग्रंथींत. म्हणजे 'उलटला' हा आपला शब्दच फसवा. रोग परत आलाच नव्हता. तो गेलाच नव्हता. शेतातली हरळी उपटली आणि मुळाची एक काडी मातीत राहिली, तर पुढल्या पावसाळ्यात वर येते ती नवी हरळी नव्हे. ती दिसण्याएवढी वाढायला जो वेळ लागतो, तीच ती सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची मुदत.

मग माइल्सने पोटातून आणि खालून, दोन्ही बाजूंनी, त्या ग्रंथींसकट सारे काढण्याची शस्त्रक्रिया १९०७ मध्ये सुरू केली. रोग्याला पोटावर कायमचे शौचद्वार घेऊन जगावे लागे. पहिल्या १२ रोग्यांपैकी ५ शस्त्रक्रियेपायीच गेले. हेही त्याने लपवले नाही. पुढे हात बसला, आणि १९२३ पर्यंत रोग उलटण्याचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास उतरले.

त्याच लंडनमध्ये सेंट मार्क्स रुग्णालयात कथबर्ट ड्यूक्स नावाचा विकृतिशास्त्रज्ञ होता. काढलेले आतडे टेबलावर घेऊन बसणे हे त्याचे काम. १९३२ साली त्याने या आतड्यांच्या, आमच्या वर्गांच्या असतात तशा, अ, ब, क तुकड्या पाडल्या. रोग आतड्याच्या भिंतीतच असेल तर अ, भिंत ओलांडली तर ब, ग्रंथीत शिरला तर क. कोणाच्या बाबतीत रोग उलटण्याचे भय किती, हे शस्त्रक्रियेनंतर लगेच बऱ्याच अंशी सांगता येऊ लागले. आजची वर्गवारी बरीच बारीक आहे, पण तिचा सांगाडा हाच.

पुढे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या ओवेन वँगेनस्टीनला ही मुदत सोसवेना. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्याने क वर्गातल्या रोग्यांचे पोट, काही तक्रार नसतानाही, सुमारे सहा महिन्यांनी पुन्हा उघडून पाहायला सुरुवात केली. रोग सापडला तर काढायचा आणि काही महिन्यांनी पुन्हा उघडायचे. धाडस खरे, पण रोग्याच्या बाजूने विचार करा! ही पद्धत टिकली नाही. १९६५ मध्ये माँट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांना या कर्करोगात आढळणारे एक प्रथिन सापडले. रक्तात ते वाढू लागले की पुष्कळदा तक्रार सुरू होण्याआधीच सूचना मिळते. आमच्या मित्राचे रक्त दर तीन महिन्यांनी घेतात ते याचसाठी.

आणि ते तीन? २००५ साली अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधील डॅनियल सार्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ चाचण्यांतल्या २०,००० हून अधिक रोग्यांची नोंद एकत्र मांडली. ज्यांचा रोग उलटला, त्यांतल्या शेकडा ८० जणांचा पहिल्या तीन वर्षांतच उलटला होता. पाच वर्षांनंतर हे भय वर्षाला शेकडा दीडच्या वर जात नाही, आठ वर्षांनंतर अर्ध्याच्याही वर नाही. माइल्सच्या ५७ जणांच्या वहीतली मुदत शंभर वर्षांनी वीस हजारांच्या वहीतही जवळपास तीच निघाली.

मात्र एक गोष्ट मी मित्रापासून लपवली नाही. ब्रिटनमध्ये ३९ रुग्णालयांतल्या १,२०२ रोग्यांवर झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. वारंवार तपासण्या केल्या तर उलटलेला रोग शस्त्रक्रियेच्या आवाक्यात असताना अधिक जणांत सापडतो, हे त्यात दिसले. परंतु त्यामुळे मृत्यू कमी होतात असे सिद्ध झाले नाही. हे ऐकून ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे तपासणी मला वाचवीलच असे नाही. पण मास्तर, त्या ५४ जणांना कोणी मोजले नसते, तर मला तपासायचे केव्हा हेसुद्धा कोणाला कळले नसते." आणि त्यांनी करंजीला हात घातला.

ही त्यांची चौथी दिवाळी. श्रावणात तीन वर्षे पुरी झाली. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचे आहे. मी बरोबर जाणार आहे.