पिल्लाचे पहिले वर्ष : एक दुर्लक्षित इतिहास

वाङ्मयात कुत्रा येतो तो बहुधा पूर्ण वाढलेला. महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिरामागोमाग चालणारा कुत्रा कोणाच्या अंगणात वाढला, हे महाभारत सांगत नाही. आदिपर्वात सरमेचे पिल्लू येते खरे. परंतु जनमेजयाच्या भावांचा मार खाण्यापुरतेच. होमरच्या 'ओडिसी'मधील आर्गोस किंचित वेगळा आहे. वीस वर्षांनी परतलेल्या धन्याला ओळखून तो प्राण सोडतो, हे सर्वांस ठाऊक असते. ओडिसिअसने त्याला स्वतः वाढवले होते आणि त्याचे सुख लाभण्याआधीच तो ट्रॉयला निघून गेला, ही ओझरती माहिती मात्र वाचताना सहज निसटते. निष्ठेचा क्षण कवींना दिसला. ती निष्ठा ज्या महिन्यांत आकारास आली, ते महिने काव्याबाहेर राहिले.

इतिहासलेखनही याला फारसे अपवाद नाही, असे आम्हांस वाटते. मोठ्या जातीचे पिल्लू घरात येते तेव्हा दोन्ही हातांत मावते. वर्ष उलटेपर्यंत पंचवीस-तीस किलोंचे, दाराबाहेर माणसाला ओढून नेईल एवढ्या ताकदीचे जनावर झालेले असते. या वर्षात घरातल्या माणसांनी केलेले काम हा इतिहासाचा विषय होऊ शकतो काय? मार्गदर्शक श्वानांच्या चळवळीचा इतिहास पाहिला, तर या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी द्यावे लागते.

या चळवळीचा आधुनिक आरंभ पहिल्या महायुद्धात झाला. युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी डॉ. गेरहार्ड श्टालिंग यांनी १९१६ मध्ये जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे श्वानशाळा सुरू केली. पुढे पॉट्सडॅम येथे अशीच शाळा निघाली. स्वित्झर्लंडमध्ये जर्मन शेफर्ड जातीची पैदास व शिक्षण करणाऱ्या डोरोथी हॅरिसन युस्टिस यांनी ती पाहिली आणि १९२७ च्या नोव्हेंबरात एका अमेरिकन साप्ताहिकात तिच्यावर लेख लिहिला. तो ऐकून नॅशव्हिल येथील मॉरिस फ्रँक या अंध तरुणाने त्यांना पत्र धाडले. १९२८ मध्ये तो स्वित्झर्लंडला गेला आणि बडी नावाच्या कुत्रीसह परतला. १९२९ मध्ये 'द सीइंग आय' ही संस्था स्थापन झाली. ब्रिटनमध्ये १९३१ साली वॉलसी येथे ज्युडी, फ्लॅश, फॉली आणि मेटा या चार कुत्र्यांचे शिक्षण पूर्ण झाले.

या वृत्तान्तात संस्थापक आहेत, प्रशिक्षक आहेत, अंध व्यक्ती आहेत, कुत्र्यांची नावेही आहेत. परंतु शाळेच्या दारात उभे राहण्यापूर्वी त्या कुत्र्यांना कोणी वाढवले, हा प्रश्न त्या काळी कोणास फारसा पडलेला दिसत नाही. कारण साधे होते. सुरुवातीच्या काळात कुत्री बहुतांशी वाढलेल्या वयातच निवडली जात. कुत्रा म्हणजे कच्चा माल आणि प्रशिक्षण म्हणजे घडणावळ, अशी ही विभागणी होती. मोटारीच्या आवाजाला बिचकणारे, गर्दीत थिजणारे कुत्रे परत पाठवले जाई. त्याचा 'स्वभावच तसा' असे म्हटले की विषय संपे. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, या आपल्या म्हणीत जो सिद्धान्त आहे, तोच हा.

या सिद्धान्ताला पहिला धक्का घरांनी दिला. १९४२ मध्ये 'द सीइंग आय'ने न्यू जर्सीतील फोर-एच या ग्रामीण मुलामुलींच्या मंडळांकडे पिल्ले वाढवण्यास देण्याचा उपक्रम सुरू केला. ब्रिटनमध्ये १९५६ मध्ये अशीच योजना आली. पिल्लू दीडदोन महिन्यांचे असताना एखाद्या कुटुंबात जाई आणि साधारण वर्षाचे झाल्यावर शाळेत परत येई. मधल्या काळात कुटुंबाने कोणतीही विद्या शिकवावी अशी अपेक्षा नव्हती. घरात घाण करू नये, पाहुण्याच्या अंगावर उडी मारू नये, ताटाला तोंड लावू नये, पट्ट्यासह नीट चालावे. जिना, बाजार, आगगाडी, पाऊस, लहान मुले यांची सवय व्हावी, इतकेच. हे 'इतकेच' किती मोठे होते, ते कळण्यास हिशेबाची वही लागली.

ती वही कॅलिफोर्नियात ठेवली गेली. तेथील 'गाइड डॉग्ज फॉर द ब्लाइंड' या संस्थेत क्लॅरेन्स फाफेनबर्गर हे पिल्लांच्या चाचण्या घेत आणि प्रत्येकाचे पुढे काय झाले याची नोंद ठेवत. त्या नोंदींत एक विलक्षण गोष्ट आढळली. बाराव्या आठवड्याच्या सुमारास चाचण्या उत्तीर्ण झालेली जी पिल्ले आठवड्याभरात घरी गेली, त्यांतील सुमारे नव्वद टक्के पुढे मार्गदर्शक झाली. जी तीन आठवड्यांहून अधिक काळ श्वानगृहातच राहिली, त्यांतील केवळ तीस टक्के. पिल्ले त्याच संस्थेची, चाचण्या त्याच, खाणेपिणे उत्तम; फरक होता तो घर मिळण्यास लागलेल्या विलंबाचा. १९५९ मध्ये फाफेनबर्गर आणि शास्त्रज्ञ जॉन पॉल स्कॉट यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

स्कॉट हे मेन राज्यातील बार हार्बर येथे पिल्लांच्या वाढीचा अभ्यास करीत होते. त्याच प्रयोगशाळेतील फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी १९६१ मध्ये दाखवले की, चौदा आठवड्यांपर्यंत माणसाचा सहवास न लाभलेली पिल्ले पुढे माणसाजवळ येण्यास सहजी धजत नाहीत. स्कॉट आणि जॉन फुलर यांच्या १९६५ च्या ग्रंथाने तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ निर्णायक मानला.

येथे एक सावधगिरी हवी. संस्थेचे यश वाढले त्याचे सारे श्रेय घरांना देता येणार नाही. याच काळात पैदाशीसाठी नर-मादी पारखून घेण्याची पद्धतही रूढ झाली. वंश आणि संगोपन यांचे धागे गुंतलेले आहेत. तथापि चाचणीत उत्तीर्ण झालेले पिल्लूही घराविना वाया जाऊ शकते, एवढे त्या वहीने निर्विवाद दाखवले. शेपटाची म्हण तिथे अपुरी पडते.

मनाविषयी जे दिसले, तेच पुढे शरीराविषयी दिसले. मोठ्या जातीच्या पिल्लाला भरपूर खाऊ घालणे हे प्रेमाचे लक्षण समजले जाई. गुटगुटीत पिल्लू पाहून घरच्यांना धन्यता वाटे. १९७४ मध्ये हेडहॅमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रेट डेन पिल्लांवरील अभ्यासात अतिपोषण आणि हाडांचे विकार यांचा संबंध दाखवला. १९८५ मध्ये उट्रेख्ट येथील हॅझेविंकल यांनी, वाढत्या ग्रेट डेनला जादा कॅल्शियम दिल्यास सांगाडा बळकट होण्याऐवजी बिघडतो, हे सिद्ध केले. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी अन्न आयुष्यभर देण्यात आले. कमी खाणाऱ्यांत खुब्याच्या सांध्याचा विकार कमी आढळला, हे १९९२ मध्ये, आणि त्यांचे मध्यम आयुर्मान सुमारे १३ वर्षे, म्हणजे इतरांच्या ११.२ वर्षांहून बरेच अधिक ठरले, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. मोठ्या जातींत हाडांची टोके पक्की होण्यास वर्ष-दीड वर्ष लागते. म्हणूनच या काळात उड्या, जिने आणि लांब रपेटी यांना आवर घालावा लागतो. पुढे केलेला घास मागे घेणे हेही संगोपनच, हा धडा प्रयोगशाळेने दिला. पाळायचा होता तो स्वयंपाकघरात, समोर आशाळभूत डोळे लावून बसलेल्या पिल्लाच्या देखत.

या सर्वांतून आम्हांस एक मुद्दा महत्त्वाचा वाटतो. प्रशिक्षकाच्या कामाला आरंभ, अभ्यासक्रम आणि परीक्षा असते. त्यामुळे त्याची नोंद होते. घरातल्या कामाला यांपैकी काहीच नसते. रात्री दोनदा उठून पिल्लाला अंगणात नेणे, कुरतडलेली चप्पल न रागावता उचलणे, आठव्या महिन्यात ऐकलेले सारे विसरल्यागत वागणाऱ्या आडदांड जनावराशी पुन्हा पहिल्यापासून सुरू करणे, याचे प्रशस्तिपत्र कोण देणार? हे काम नीट झाले म्हणजे दिसेनासे होते. कुत्रा रस्त्यात बिचकत नाही, तेव्हा त्याच्या न बिचकण्यामागे कोणाचे तरी एक वर्ष आहे, हे पाहणाऱ्याच्या मनात येत नाही. फाफेनबर्गरांच्या वहीतही ही घरे प्रत्यक्ष दिसत नाहीत. त्यांच्या अभावाने झालेली हानी तेवढी आकड्यांत दिसते.

आणि या घरांना वर्षाअखेरीस पिल्लू परत द्यायचे असते. येथे मराठी वाचकाला माहेर आठवेल. परंतु साम्य फार ताणू नये. मुलीच्या पाठवणीमागे रूढीची सक्ती होती. येथे वियोग पहिल्या दिवशीच, स्वखुशीने पत्करलेला असतो. ज्याला ते पुढे वाट दाखवणार, ती व्यक्ती त्या घराने पाहिलेलीही नसते. आपलेपणा लावल्याविना पिल्लू घडत नाही आणि आपलेपणा लावला की देणे जड जाते. या पेचातून सुटण्याचा उपाय कोणत्याही नियमावलीत नाही. त्या घरांतील मुलामुलींनी तो कसा सोसला असेल, हे सांगणारी साधने हुडकणे हे इतिहासकाराचे काम आहे. संस्थांचा इतिहास लिहून झाला; आता घरांचा लिहावयास हवा.