भाजीचा भाव : कारंज्यापासून कळमन्यापर्यंत

"भाजी फार महागली" हें वाक्य मराठी घरांत इतक्या पिढ्या उच्चारलें जात आहे कीं, त्याची गणना आतां हवापाण्याच्या गोष्टींत होऊं लागली आहे. पाऊस लांबला म्हणून सांगावें, तसेंच मेथी महागली म्हणून सांगावें. ऐकणारानें मान डोलवावी आणि विषय संपवावा. परंतु पाऊस आभाळांतून पडतो, भाव तसा पडत नाहीं. तो कोणी तरी, कोठें तरी, कांहीं नियमांनीं ठरवितो. ते नियमहि केव्हां तरी कोणी तरी केलेले असतात, आणि करणाराच्या डोळ्यांपुढें कोणाचें तरी हित असतें. तें हित कोणाचें होतें, हें पाहावयाचें असल्यास नागपूरकरांस फार दूर जावयास नको. कळमन्यापर्यंत गेलें तरी पुरे.

कळमना हें एके काळीं नागपूरच्या पूर्वेकडील एक खेडें. हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याच नांवाचें स्टेशन आहे. आज या नांवाचा उच्चार होतांच नागपूरच्या माणसास गांव आठवत नाहीं, बाजार आठवतो. कारण नागपूरच्या कृषि उत्पन्न बाजार समितीचें पंडित जवाहरलाल नेहरू बाजार आवार येथें आहे. धान्य, मिरची, कांदे-बटाटे, फळें, भाजी, प्रत्येकाची जागा वेगळी. पावसाळा सरतां सरतां आंबिया बहाराचीं संत्रीं येतात, उन्हाळ्याच्या तोंडीं मृग बहाराचीं. माल आणणारा शेतकरी, विकून देणारा आडत्या, तोलणारा मापाडी, वाहणारा हमाल आणि बोली बोलणारा व्यापारी अशीं पांच माणसें मिळून हा बाजार चालतो. ज्याच्या ताटांत ती भाजी अखेर वाढली जावयाची, तो सहावा माणूस मात्र तेथें नसतो. त्याची ही गैरहजेरी आजची नव्हे. तिला सव्वाशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

पूर्वीं असें नव्हतें. नागपूरच्या पेठांचीं नांवें पाहावीं : इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी. सबंध आठवडा शहरांत वस्तीला आल्यासारखा वाटतो. वाराच्या बाजारांत पिकविणारा व खाणारा एकमेकांसमोर उभे राहात. दर ठरे तो दोघांच्या तोंडी, आणि सूर्य कलला कीं उरलेला माल परत न्यावयाचा नसल्यामुळें तो आपोआप उतरे. या व्यवस्थेंत फसवणूक नव्हती असें कोणी म्हणणार नाहीं. तेव्हांचीं मापें गांवोगांव निराळीं होतीं. परंतु भाव कोणी केला, हें ज्याचें त्यास दिसत होतें.

हें चित्र बदललें तें भाजीमुळें नव्हे, कापसामुळें. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची दृष्टि वऱ्हाडाकडे वळली. १८६७ सालीं लोहमार्ग नागपुरास येऊन पोंचला. आतां माल पुष्कळ जाऊं लागला. पण तो स्वच्छ असावा, एका दर्जाचा असावा व माफक भावानें मिळावा, अशी गिरणीवाल्यांची अपेक्षा होती. तीपोटीं १८८६ सालीं वऱ्हाडांतील कारंजा येथें हिंदुस्थानांतील पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि १८९७ सालीं वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. पुढें देशभर जे बाजार-कायदे झाले त्यांचें मूळ येथें आहे. अर्थात् आपल्या बाजारांतील पहिला कायदा ग्राहकाच्या हितासाठींच झाला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. फक्त तो ग्राहक कारंज्यांत राहात नव्हता, मँचेस्टरांत राहात होता.

त्याच १८८६ सालीं पुण्यास दुसरी एक वास्तु उभी राहिली, ती म्हणजे रे मार्केट, म्हणजेच आजची महात्मा फुले मंडई. मुंबईंत क्रॉफर्ड मार्केट त्यापूर्वींच, १८६९ सालीं, झालें होतें. शहर वाढलें, भाजीवाले रस्त्यांवर दाटले, तेव्हां त्यांस छपराखालीं आणावें हा विचार ठीकच होता. तथापि पुण्याच्या मंडईची योजना नगरपालिकेपुढें आली असतां सभासद जोतीराव फुले यांनीं तिला विरोध केला. इमारतीवर एवढा पैसा घालण्यापेक्षां तो लोकांच्या शिक्षणाकडे लावावा, असें त्यांचें म्हणणें होतें. जोतीराव माळी समाजांतले. भाजीचा मळा व भाजीचा बाजार हीं दोन्हीं त्यांस पुस्तकांतून शिकावयाचीं नव्हतीं. मंडई झाली ती झालीच, आणि काळाचा विनोद असा कीं, पुढें तिला त्यांचेंच नांव दिलें गेलें. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटासहि दिलें. नागपुरांत कॉटन मार्केट भागांतील भाजीबाजारहि महात्मा फुले बाजार म्हणूनच ओळखला जातो. तेथला कापूस गेला, भाजी आली, आणि दोहोंवर फुल्यांचें नांव आलें. हा खर्च अखेर कोणाच्या उपयोगाचा, हा त्यांचा प्रश्न मात्र नांवाच्या पाटीबरोबर कोणी लावून घेतला नाहीं.

कारंज्याच्या पद्धतीनें शेतकऱ्याचें तरी भलें झालें काय? फारसें नाहीं. बाजार-समित्यांवर व्यापाऱ्यांचें वजन होतें. अनेक बाजारांत सौदा उघड्या बोलीनें होतच नसे. आडत्या व खरेदीदार रुमालाखालीं एकमेकांचीं बोटें धरीत, बोटांच्या खुणेनें भाव ठरे, आणि ज्याचा माल होता तो शेतकरी शेजारीं उभा राहून रुमाल पाहात असे. त्यावर तोलाई, हमाली, धर्मादाय अशा नाना नांवांनीं कापाकापी होई. १९२६ सालीं लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या शाही कृषि आयोगानें १९२८ च्या अहवालांत या गैरचालींवर बोट ठेवून नियंत्रित बाजारांची शिफारस केली. १९३५ सालीं मध्यप्रांतांत शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला. मुंबई इलाख्यांत १९३९ सालीं झाला. आणि संयुक्त महाराष्ट्र झाल्यानंतर १९६३ सालीं सबंध राज्यासाठीं एकच कायदा करण्यांत आला. उघडा लिलाव, प्रमाणित तोल, परवाना घेतलेला आडत्या, शेतकऱ्यास त्याच दिवशीं पैसे, आणि समितीवर शेतकऱ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधि हीं त्याचीं मुख्य अंगें. कळमन्याचें आवार हें या कायद्याचें अपत्य होय. रुमाल उचलला गेला, ही गोष्ट लहान नाहीं. आडत्यांच्या कारभारास नांवें ठेवतांना तिचा विसर पडूं नये.

परंतु या इतिहासांतील पावलें मोजून पाहिलीं तर एक गोष्ट ध्यानांत येते. पहिल्या कायद्यानें गिरणीवाल्याचें हित पाहिलें, दुसऱ्या पिढीच्या कायद्यांनीं शेतकऱ्याचें पाहिलें. गल्लींतल्या घराचें हित कोणत्याहि कायद्यानें पाहिलें नाहीं. बाजार-समितीचें राज्य तिच्या कुंपणापर्यंत. कुंपणाबाहेर पोतें पडलें कीं पुढच्या प्रवासास कायदा नाहीं, समिति नाहीं, लिलावहि नाहीं. आणि भाव चढतो तो बव्हंशीं याच प्रवासांत.

हा प्रवास लांबलाहि. मोठ्या शहरांस आपला ठोक बाजार पोटांत ठेवणें सोसेनासें होतें, हा अनुभव जगभरचा आहे. पॅरिसचा ले आल बाजार १९६९ सालीं शहराबाहेर रुंगीस येथें गेला. लंडनचा कॉव्हेन्ट गार्डन १९७४ सालीं नदीपलीकडे नाइन एल्म्सला गेला. मुंबईचा फळांचा व भाजीचा ठोक बाजार १९९६ सालीं वाशीकडे हलला. नागपुरांत रेल्वे स्टेशनालगतच्या भागास अजून संत्रा मार्केट म्हणतात. संत्र्याचा मोठा व्यापार मात्र कळमन्यास गेला. भाजीचा ठोक व्यवहार फुले बाजारांतहि चालतो, म्हणून शहराच्या मध्यभागाशीं असलेला धागा अगदीं तुटलेला नाहीं. तरी पश्चिम नागपुरांतल्या ठेलेवाल्यास कळमन्यास जाऊन यावयाचें तर सबंध शहर ओलांडावें लागतें. तें भाडें कोणाच्या पिशवींतून निघतें, हें सांगावयास नको.

आंकड्यांकडे वळूं. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधाप्रमाणें ग्राहकाच्या रुपयांतील शेतकऱ्याचा वाटा टोमॅटोंत सुमारें ३३ पैसे, कांद्यांत ३६ व बटाट्यांत ३७ पैसे एवढाच आहे. हे आंकडे वाचून उरलेले दोन-तृतीयांश दलालांनीं गिळले असें म्हणण्याचा मोह होतो, पण तें पुरतें खरें नाहीं. त्यांत कॅरेटचें भाडें आहे, मोटारीचें आहे, हमाली आहे, आडत आहे. नासाडीहि आहे, देशांतील काढणीपश्चात् नुकसानीची जी पाहणी २०१५ सालीं प्रसिद्ध झाली तिच्यांत टोमॅटोची नासाडी १२ टक्क्यांवर भरली होती. नागपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो, तेव्हां सकाळीं सहास हिरवीगार असलेली पालकाची जुडी दुपारीं बारास कोणी फुकट घेणार नाहीं. विकल्या गेलेल्या जुड्यांनीं न विकल्या गेलेल्या जुड्यांची किंमत भरावयाची, हाच चिल्लर भाजीव्यापाराचा सारा हिशेब आहे.

सुधारणेचे प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. जुलै २०१६ मध्यें महाराष्ट्र सरकारनें फळें व भाजीपाला बाजार-आवाराबाहेर विकण्यास मोकळीक दिली, आणि आडत शेतकऱ्याकडून न घेतां खरेदीदाराकडून घ्यावी असें ठरविलें. हेतु चांगला होता. पण खरेदीदार म्हणजे आपण नव्हे, चिल्लर विकणारा. आणि त्यानें भरलेली आडत पुढें कोणाकडून वसूल करावयाची, हें त्यास शिकवावें लागत नाहीं. ओझें उतरलें नाहीं, खांदा बदलला. जुलै २०२३ मध्यें टोमॅटोनें अनेक शहरांत किलोमागें शंभर रुपयांचा टप्पा ओलांडला, तेव्हां केंद्र सरकारनें दक्षिणेंतील व महाराष्ट्रांतील बाजारांतून माल उचलून उत्तरेच्या शहरांत प्रथम ९०, मग ८० व पुढें ७० रुपये किलोनें विकविला. सप्टेंबरांत महाराष्ट्रांतील शेतकरी तेच टोमॅटो रस्त्याकडेस टाकून देत होते. महागाईनें शेतकरी गबर होत नाहीं व स्वस्ताईनें ग्राहक फार काळ सुखी होत नाहीं, याचा इतका थोडक्यांत पुरावा क्वचित् मिळेल.

मग साधारण उत्पन्नाच्या घरानें काय करावें? आपल्या आधींच्या बायकांनीं हा प्रश्न कायद्याची वाट न पाहतां सोडविला होता. विदर्भांत उन्हाळ्यांत भाजी दुर्मिळ व महाग होते, हें ठाऊक असल्यामुळें फाल्गुन-चैत्रांतच सांडगे व मुगवड्या वाळत पडत. पाटवडीचा रस्सा हा आज मेजवानीचा पदार्थ झाला आहे. पण त्यास बेसन, कांदा व मसाला लागतो, हिरवी भाजी लागत नाहीं, यांतच त्याचें मूळ प्रयोजन दिसतें. हंगामाबाहेरची वस्तु मागावयाचीच नाहीं, ही त्यांची पहिली काटकसर होती. हिवाळ्यांत तुरीच्या शेंगा, मेथी व सांबार (पुण्यामुंबईकडे जिला कोथिंबीर म्हणतात ती) पोटभर खावीं. ज्येष्ठांत वांगें महाग म्हणून कुरकुरूं नये. बाराहि महिने सर्व भाज्या ताटांत हव्यात, ही हौस आपली आहे. आणि मदनपल्लीहून नागपुरापर्यंत टोमॅटोस मोटारींतून आणण्याचा खर्च त्या हौसेचा आहे.

दुसरा मार्ग वाट आंखूड करण्याचा. सावता माळ्याच्या नांवानें २०१६ सालीं राज्य सरकारनें शेतकरी आठवडी बाजारांची मोहीम काढली. तिची कल्पना नवी नाहीं. ती इतवारी-बुधवारीचीच आहे. एका इमारतींतल्या चार-सहा कुटुंबांनीं मिळून ठोक बाजारांतून कांदे-बटाटे आणून वाटून घ्यावेत, हेंहि शक्य आहे. टिकाऊ मालापुरतें तें खरोखर परवडतें. पालेभाजीस मात्र हा उपाय लागू नाहीं. ती चार दिवस टिकत नाहीं, आणि तिच्यासाठीं दाराशीं येणाऱ्या विक्रेत्याचीच गरज असते.

येथें आपण त्या माणसापाशीं येतों ज्याच्याशीं आपला सारा वाद चालतो. बहुतेक घरांत काटकसर म्हणजे भाजीवालीशीं घासाघीस, असें समीकरण आहे. दहा रुपयांच्या जुडीवर दोन रुपये सोडवून घेतले कीं महागाईशीं लढल्याचें समाधान वाटतें. परंतु वर सांगितलेल्या साखळींत शेवटची कडी तीच आहे आणि सर्वांत पातळहि तीच. आडत्याची आडत ठरलेली, हमालाची हमाली ठरलेली, मोटारीचें भाडें ठरलेलें. न ठरलेली अशी तिची एकटीची मिळकत. उरलेली भाजी सुकते ती तिची. शेतकऱ्यासाठीं बाजार-कायदा सव्वाशें वर्षांपूर्वींपासून घडत आला. रस्त्यावर विकणाऱ्यास संरक्षण देणारा देशव्यापी कायदा २०१४ साल उजाडेपर्यंत झाला नव्हता. तेव्हां ते दोन रुपये कळमन्याच्या कोणत्याहि गाळ्यांतून सुटत नाहींत. ते तिच्या रात्रीच्या भाकरींतून सुटतात.

याचा अर्थ घासाघीस करूंच नये व महाग मिळेल तें मुकाट्यानें घ्यावें असा नव्हे. भाव विचारावाच, पण जेथें तो घडतो तेथें विचारावा. आपल्या वस्तींत आठवडी बाजारास जागा कां मिळत नाहीं, ठोक बाजारांतील रोजचे भाव मराठी वृत्तपत्रांत छापून येतात ते वाचून गल्लींतील भावाशीं कोण ताडून पाहातो, माल सावलींत व थंडाव्यांत ठेवण्याची सोय शहरांत किती आहे, हे प्रश्न नगरसेवकास व बाजार-समितीस विचारण्यासारखे आहेत. रुमालाखालचा सौदा कोणी तरी मोठ्यानें विचारलें म्हणून बंद झाला. कुंपणाबाहेरच्या वाटेवर अजून रुमाल पडलेलाच आहे, आणि तो उचलण्यास सांगावयाचें काम आतां खाणारांचें आहे.