मूळ साइजपेक्षा वेगळे टायर लावायचेत? आधी हे गणित तपासा

पेणहून वडखळ, गडब, कासूमार्गे नागोठण्याकडे जाणारा मुंबई-गोवा महामार्ग खड्ड्यांसाठी बदनाम आहे. पळस्पे ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रखडलं. त्यात डोलवीच्या स्टील कारखान्याची अवजड वाहतूक. अशा रस्त्यावर रोज ये-जा करणाऱ्यांना टायर बदलताना वाटतं, या वेळी जरा मोठे किंवा रुंद टायर घ्यावेत. पण ते चालतील का?

टायरवरच्या आकड्यांचा अर्थ काय?

समजा, टायरवर '१८५/६५ आर १५ ८८ एच' असं लिहिलंय.

- १८५ : टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये
- ६५ : बाजूच्या भिंतीची (साइडवॉल) उंची, रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिमी
- आर : रेडियल बांधणी
- १५ : रिमचा व्यास, इंचांत
- ८८ : भारक्षमता; एका टायरवर जास्तीत जास्त ५६० किलो
- एच : वेगमर्यादा, ताशी २१० किमी

मुख्य नियम कोणता?

टायरचा एकूण व्यास जवळपास तेवढाच राहिला पाहिजे. फरक ३ टक्क्यांच्या आत असावा, असं साधारणपणे मानलं जातं. व्यास काढणं सोपं आहे: रिमचे इंच गुणिले २५.४, अधिक साइडवॉलच्या उंचीची दुप्पट.

मारुती स्विफ्टचं उदाहरण घ्या. खालच्या व्हेरिएंटला १६५/८० आर १४ आणि वरच्याला १८५/६५ आर १५ टायर येतात. पहिल्याचा व्यास ६१९.६ मिमी, दुसऱ्याचा ६२१.५ मिमी. रिम बदललं, रुंदी बदलली, पण व्यासातला फरक अर्धा टक्कासुद्धा नाही.

खड्ड्यांसाठी मोठे टायर घेतले तर?

१८५/६५ आर १५ च्या जागी २०५/६५ आर १५ लावले, तर व्यास ६४७.५ मिमी होतो. गाडी जेमतेम १३ मिमी उचलली जाते. पण व्यास ४ टक्क्यांहून जास्त वाढल्यामुळे स्पीडोमीटरचा काटा तोच दाखवत असताना गाडी आधीपेक्षा ४ टक्के जास्त वेगाने धावते. पिकअप मंदावतो, स्टिअरिंग जड होतं आणि चाक पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डच्या आतल्या भागाला घासू शकतो.

आणि मोठे अलॉय व्हील?

१९५/५५ आर १६ चा व्यास ६२०.९ मिमी, म्हणजे गणित बरोबर जुळतं. पण साइडवॉल १०७ मिमीवर येते. खड्ड्याचा दणका शोषायला रबर कमी, त्यामुळे रिम वाकण्याचा आणि टायरला फुगा येण्याचा धोका जास्त. वळणावर पकड चांगली वाटेल. पण गडबसारख्या पट्ट्यात हा सौदा महागात पडू शकतो.

पावसाळ्याचंही लक्षात घ्या. टायर जितका रुंद, तितकं त्याला साचलेलं पाणी बाजूला सारणं कठीण. नक्षी झिजलेली असेल तर गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी घसरते. कारसाठी नक्षीची किमान खोली १.६ मिमी असणं कायद्याने बंधनकारक आहे.

दुकानात जाण्यापूर्वी काय तपासाल?

- ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवरचं स्टिकर किंवा मॅन्युअल. तुमच्या मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिएंटची साइज हा सर्वांत सुरक्षित पर्याय. तरी रिम आणि जागा तपासून घ्या.
- भारक्षमता आणि वेगमर्यादा मूळ टायरपेक्षा कमी नको.
- नवी रुंदी तुमच्या रिमच्या रुंदीवर बसते का, हे टायर कंपनीच्या तक्त्यात पाहा.
- एका अ‍ॅक्सलवर दोन्ही टायर सारखेच हवेत. शक्यतो चारही बदला. स्टेपनीची साइज वेगळी राहिली तर ती तात्पुरतीच वापरा.
- उत्पादनाचा चार आकडी कोड वाचा. '२३२४' म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा.
- मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर निर्बंध आहेत. कंपनीने न सुचवलेली साइज लावण्यापूर्वी वॉरंटी आणि विम्याच्या अटी वाचा, विमा कंपनीला कळवा.

टायर बदलल्यावर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घ्या. नव्या साइजला हवेचा दाब किती, हेही विचारा. आणि खड्डे हेच कारण असेल, तर मूळ साइजचे चांगले टायर आणि योग्य हवा हाच बहुतेक गाड्यांसाठी स्वस्त आणि सुरक्षित उपाय आहे.