विदनशॉ

इंग्लंडमधील मँचेस्टर शहराचे उपनगर. शहराच्या मध्यापासून सुमारे १३ किमी. दक्षिणेस, मर्सी नदीपलीकडे वसलेले. याच्या दक्षिण टोकाला मँचेस्टरचा विमानतळ आहे. १९२६ मध्ये महापालिकेने टॅटन घराण्याची सुमारे २,५०० एकर जमीन विकत घेतली. त्याच वर्षी अर्नेस्ट व शीना सायमन या दांपत्याने विदनशॉ हॉल हा जुना वाडा आणि त्याभोवतालचे उद्यान शहराला दान दिले. बॅगुली, नॉर्दन्डन व नॉर्दन एचेल्स ही चेशर परगण्यातील गावे १९३१ मध्ये मँचेस्टरमध्ये सामील झाली. या जमिनीवर महापालिकेने भाड्याच्या घरांची उद्याननगरी उभारली; तिचा आराखडा बॅरी पार्कर यांचा. ह्यूम, अँकोट्स अशा भागांतील धुराने काळवंडलेल्या दाटीतून आलेल्या कामगार कुटुंबांना येथे स्वतंत्र न्हाणीघर, पुढे-मागे बाग आणि भरपूर उजेड मिळाला. घर म्हणून पाहिले, तर या योजनेत नाव ठेवण्याजोगे फारसे नव्हते.

तरीही येथील राहणीमान घरांवरून जोखणे फसवे ठरेल. विदनशॉत घरे आधी आली, नगर फार मागाहून. पार्कर यांनी लोकवस्ती एक लाखाच्या घरात जाईल असे धरले होते. मात्र एवढ्या वस्तीला साजेसे बाजारकेंद्र १९६० च्या दशकापर्यंत उभे राहिले नाही, आणि ग्रंथालय, नाट्यगृह व तरणतलाव एकत्र देणारे फोरम हे संकुल १९७१ मध्ये उघडले. शार्स्टनसारखे उद्योगक्षेत्र आराखड्यात होते खरे, पण अनेकांची नोकरी शहरातच राहिली. म्हणजे भाड्याच्या जोडीला रोजचे बसभाडेही पगारातूनच जाई. मेट्रोलिंक ट्राम येथे पोहोचायला २०१४ साल उजाडले. हिरवळीतून जाणारा रम्य रस्ता म्हणून कल्पिलेल्या प्रिन्सेस पार्कवेचा काही भाग तर पुढे मोटारवेने गिळला.

यावर आक्षेप असा, की बेंचिल हा येथील प्रभाग २००० च्या सरकारी निर्देशांकात इंग्लंडमधील सर्वाधिक वंचित ठरला, तेव्हा उद्याननगरीची कल्पनाच फसली. पण हा निर्देशांक मुख्यतः उत्पन्न, रोजगार, आरोग्य व शिक्षण मोजतो; घरांना त्यात एकच वाटा आहे. विटा-चुन्याच्या माथी कारखाने बंद पडल्याचा दोष मारणे हा तर्क नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आरंभीची भाडी अगदी गरिबांना परवडत नव्हती, त्यामुळे सुरुवातीचे यश निवडक भाडेकरूंचे होते. हे बऱ्याच अंशी मान्य करावे लागते. मात्र त्यातूनही घराची प्रत आणि घर चालवण्याची ऐपत या दोन वेगळ्या बाबी आहेत हेच दिसते. १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने भाडेकरूंना घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला, आणि उरलेली बहुतेक घरे पुढे महापालिकेकडून ना-नफा गृहसंस्थांकडे गेली. अशा दोन संस्था २०१३ मध्ये एकत्र आल्या. येथील सामाजिक भाड्याच्या घरांची व्यवस्था आता मुख्यतः त्यांच्या गटाकडे आहे.