ओपनस्ट्रीटमॅप: एकमेकांना न ओळखणारी माणसं मिळून जगाचा नकाशा कसा बनवतात?

फोनमधला नकाशा आपण दिवसातून किती वेळा उघडतो, याचा हिशोब कोणीच ठेवत नाही. रिक्षा बोलवायची, जेवण मागवायचं, मित्राला लोकेशन पाठवायचं, की नकाशा आलाच. पण हा नकाशा बनवतं कोण? बहुतेकांचं उत्तर असतं, "कंपनी बनवते, सॅटेलाइटवरून." हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. जगात एक मोठा नकाशा असा आहे जो कोणत्याही कंपनीच्या मालकीचा नाही. तो तुमच्या-माझ्यासारखे लोक आपापल्या घरून बनवतात आणि तो कोणीही फुकट वापरू शकतं. त्याचं नाव ओपनस्ट्रीटमॅप.

इंटरनेटमुळे माणसं एकत्र काम कसं करू लागली, हे समजून घ्यायला माझ्या मते याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि रिकाम्या वेळात या नकाशावर कामही करतो. त्यामुळे यामागची यंत्रणा आज जरा खोलात जाऊन पाहू.

सुरुवात कशी झाली?

२००४ साली स्टीव्ह कोस्ट या तरुणाने ब्रिटनमध्ये हा प्रकल्प सुरू केला. तिथले सविस्तर नकाशे सरकारी संस्थेकडे होते, पण ते वापरायला पैसे मोजावे लागत आणि अटीही बऱ्याच होत्या. कोस्टचा विचार सरळ होता: विकिपीडियावर लोक मिळून ज्ञानकोश लिहू शकतात, तर मिळून नकाशा का नाही बनवू शकत?

सुरुवातीला लोक जीपीएस यंत्र घेऊन सायकलने किंवा चालत रस्त्यारस्त्याने फिरायचे. घरी येऊन ती रेघ संगणकावर उतरवायचे आणि रस्त्याचं नाव टाकायचे. २०१० पासून मायक्रोसॉफ्टने बिंगची उपग्रह छायाचित्रं बघून नकाशा काढायची परवानगी दिली आणि कामाचा वेग वाढला. आज नोंदणी केलेल्या सदस्यांची संख्या १ कोटीच्या पुढे आहे. नियमित काम करणारे त्यामानाने खूप कमी आहेत, ही गोष्टही लक्षात ठेवा.

नकाशात नेमकं काय साठवलेलं असतं?

नकाशा म्हणजे चित्र, असं आपल्याला वाटतं. ओपनस्ट्रीटमॅप मुळात डेटाबेस आहे, चित्र त्यावरून नंतर तयार होतं. या डेटाबेसमध्ये फक्त तीन प्रकारच्या गोष्टी असतात.

- बिंदू (नोड): अक्षांश-रेखांश असलेली एक जागा. उदाहरणार्थ, हापसा, एटीएम, बसथांबा.
- रेषा (वे): बिंदू ओळीने जोडले की रेषा. रस्ता, ओढा, कालवा. रेषेची दोन्ही टोकं जुळली की आकार तयार होतो, जसं शाळेची इमारत किंवा तळं.
- संबंध (रिलेशन): अनेक रेषा आणि बिंदू मिळून होणारी एक गोष्ट. बसचा पूर्ण मार्ग, किंवा तालुक्याची हद्द.

यांपैकी कोणत्याही गोष्टीला टॅग जोडता येतात. टॅग म्हणजे "काय = कोणतं" अशी जोडी. 'अमेनिटी = स्कूल' म्हणजे शाळा. 'हायवे = रेसिडेन्शियल' म्हणजे वस्तीतला रस्ता. इथे हायवे या शब्दाने गोंधळू नका, या नकाशात पायवाटसुद्धा 'हायवे' याच खात्यात येते.

गंमत म्हणजे टॅगची यादी सर्व्हरमध्ये पक्की बांधलेली नाही. लोक चर्चा करून ठरवतात, वापरून बघतात, पटलं तर रुळतं. एवढ्या साध्या रचनेवर अख्ख्या जगाचा नकाशा उभा आहे. पूर्ण डेटाची फाइल दर आठवड्याला प्रसिद्ध होते, कोणीही उतरवून घेऊ शकतं. आकाराने ती साधारण ८० जीबीच्या आसपास असते, म्हणजे एका पेनड्राइव्हमध्ये जगातले रस्ते!

दोघांनी एकाच वेळी एकच रस्ता बदलला तर?

बॅकएंडचं काम करणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रश्न रोज भेटतो. समजा, एका रस्त्याची सध्याची आवृत्ती ५ आहे. नाशिकमधल्या मुलीने तो उघडला, आणि त्याच वेळी जर्मनीतल्या माणसानेही उघडला. मुलीने रस्त्याचं नाव टाकलं आणि आधी जतन केलं. रस्ता झाला आवृत्ती ६. आता जर्मनीतला माणूस त्याचा बदल पाठवतो. त्या बदलासोबत "मी आवृत्ती ५ वर काम केलंय" ही माहितीही जाते. सर्व्हर बघतो, माझ्याकडे तर ६ आहे, आणि बदल नाकारतो. मग त्याला मुलीचा बदल दाखवला जातो आणि तो ठरवतो की आपलं ठेवायचं की तिचं.

यात कोणी कोणासाठी थांबून राहिलं नाही, कुलूप लावलं नाही, आणि कोणाचं काम गुपचूप पुसलंही गेलं नाही. एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांना एकत्र काम करायचं तर अशी सोय लागतेच. ऑफिसात शेजारच्याला "अरे, ती फाइल मी उघडलीये, तू थांब" असं ओरडून सांगता येतं. इथे शेजारी बर्लिनमध्ये असतो.

दुसरी सोय इतिहासाची. तुम्ही एका बैठकीत केलेले बदल मिळून एक 'चेंजसेट' होतो. त्यावर तुमचं वापरकर्ता नाव, वेळ आणि तुम्ही लिहिलेली टीप असते. ते कोणीही बघू शकतं, त्यावर प्रश्न विचारू शकतं, आणि चूक असेल तर जुनी आवृत्ती परत आणू शकतं.

कोणी मुद्दाम खोटं टाकलं तर?

टाकतात. पोकेमॉन गो हा खेळ याच नकाशाचा डेटा वापरतो, त्यामुळे काही खेळाडूंनी आपल्या घराशेजारी नसलेल्या बागा काढल्या होत्या, म्हणजे पोकेमॉन घरबसल्या मिळतील!

गंभीर प्रकारही झालेत. कोणीतरी न्यूयॉर्कचं नाव बदलून ज्यूंचा अपमान करणारा शब्द टाकला. ओपनस्ट्रीटमॅपवर तो लवकरच काढला गेला. पण मॅपबॉक्स या कंपनीने घेतलेल्या डेटात तो शिरला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये स्नॅपचॅटसारख्या अ‍ॅपच्या नकाशांवर दिसला. यातून कळतं की मूळ नकाशावर लक्ष ठेवणारी माणसं आहेत, पण डेटा घेणाऱ्यानेही आपल्या बाजूने तपासणी करायला हवी. खुला डेटा म्हणजे डोळे मिटून वापरायचा डेटा नव्हे.

हैती आणि नेपाळ: नकाशा कधी बनवायचा?

१२ जानेवारी २०१० ला हैतीमध्ये ७ रिश्टरच्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स उद्ध्वस्त झाली. मदत पथकं पोहोचली, पण शहराचा धड नकाशाच उपलब्ध नव्हता. उपग्रह कंपन्यांनी ताजी छायाचित्रं खुली केली आणि जगभरातले शेकडो स्वयंसेवक घरी बसून रस्ते, पडलेल्या इमारती, तंबूंच्या वसाहती काढायला लागले. काही दिवसांत रिकामा नकाशा भरला आणि मदत पथकं तोच वापरू लागली. पुढे यातूनच ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम ही संस्था उभी राहिली.

तिची काम वाटायची पद्धत बघण्यासारखी आहे. नकाशावर जाळी टाकून त्याचे चौकोन पाडतात. तुम्ही एक चौकोन घेता, तेवढ्या वेळापुरता तो तुमच्या नावावर राहतो. काम झालं की 'पूर्ण' अशी खूण करता, आणि मग दुसरा अनुभवी माणूस तो तपासतो. अर्धा तास असलेला विद्यार्थीही उपयोगी पडतो. गणपतीच्या मांडवाचं काम जसं ज्याला जेवढं जमेल तेवढं उचलून होतं, तसंच, फक्त मांडव हजारो किलोमीटरवर.

आता नेपाळ. २५ एप्रिल २०१५ ला तिथे ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. फरक असा की 'काठमांडू लिव्हिंग लॅब्ज' या संस्थेची तरुण मंडळी त्याआधीच खोऱ्यातल्या शाळा, दवाखाने, रस्ते नकाशावर टाकत होती. भूकंप झाल्यावर जगभरातून हजारो लोक मदतीला आले, पण त्यांना कोऱ्या कागदावरून सुरुवात करावी लागली नाही. स्थानिक माहिती आधीच जागेवर होती.

मला यातला मुख्य धडा असा दिसतो: लांबचा माणूस छायाचित्रात छप्पर बघू शकतो, पण ते छप्पर शाळेचं आहे की गोदामाचं, हे गावातल्याच माणसाला माहीत असतं. इंटरनेट दोघांना जोडतं, पण गावातला माणूस नसेल तर जोडणार कोणाला?

आपल्या गावाचं काय?

महाराष्ट्रातली मोठी शहरं या नकाशावर बऱ्यापैकी भरलेली आहेत. गावाकडे जा, मुख्य रस्ता दिसतो आणि पुढे वाड्या, वस्त्या, पाडे, तांडे बऱ्याच ठिकाणी गायब असतात. नकाशा दाट कुठे होतो? जिथे तो काढणारे राहतात तिथे. जी वाडी नकाशावर नाही तिथल्या माणसाला डिलिव्हरी मिळत नाही इथवर ठीक आहे, पण रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला फोनवर "वडाच्या झाडापासून डावीकडे" असं समजावत बसण्यात जी मिनिटं जातात, ती महागात पडू शकतात.

दुसरा प्रश्न नावांचा. पुण्याच्या आसपास वडगाव बुद्रुक आहे, वडगाव शेरी आहे, वडगाव मावळ आहे. नुसतं 'वडगाव' लिहिलं तर कोणतं? बुद्रुक आणि खुर्द हे शब्द शोभेचे नाहीत, ते पत्त्याचा भाग आहेत. शिवाय इंग्रजी स्पेलिंगमध्ये ळ आणि ल एकच होतात, म्हणून फोनमधल्या बाई आळंदीला 'अलंदी' आणि मुळशीला 'मुल्शी' म्हणतात.

यावर ओपनस्ट्रीटमॅपमध्ये सोपा उपाय आहे. नेहमीच्या 'नेम' या टॅगशिवाय प्रत्येक भाषेसाठी वेगळा टॅग देता येतो. मराठीसाठी तो 'नेम:एमआर'. एमआर हा मराठीचा आंतरराष्ट्रीय संकेत. तिथे देवनागरीत 'आळंदी' लिहिलं की मराठी नकाशा दाखवणाऱ्या अ‍ॅपला बरोबर नाव मिळतं. मी स्वतः आजोळच्या परिसरातल्या वाड्यांची नावं अशीच टाकली. ती नावं मला कोणत्याही वेबसाइटवर सापडली नव्हती, मामाला आणि शेजारच्या आजींना विचारून लिहून घेतली. हे काम एखादी परदेशी कंपनी कधी करेल याची वाट बघण्यात अर्थ नाही.

मालकी कोणाची?

गुगलचंही 'मॅप मेकर' नावाचं साधन होतं. २००८ मध्ये सुरू झालं, लोकांनी त्यात भरपूर रस्ते काढले, २०१७ मध्ये कंपनीने ते बंद केलं. लोकांची मेहनत कंपनीच्या नकाशात राहिली. कंपनीच्या नकाशात भर घालण्यात चूक काही नाही, मीही कधी दुकानाची बदललेली वेळ कळवतो. फक्त ती भर तुम्हाला डेटा म्हणून परत मिळत नाही.

ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा २०१२ पासून 'ओपन डेटाबेस लायसन्स'खाली आहे. वापरा, बदला, धंदाही करा. अट एवढीच की श्रेय द्या, आणि डेटा सुधारून प्रसिद्ध केलात तर तो याच अटींवर खुला ठेवा. म्हणूनच मेटा, मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्याही तो वापरतात आणि तुमच्या कॉलेजचा मिनी प्रोजेक्टही.

फोनवरून सुरुवात कशी करायची?

१. ओपनस्ट्रीटमॅपच्या वेबसाइटवर खातं उघडा. पूर्ण नाव किंवा फोन नंबर वापरकर्ता नावात नको, कारण तुमचे बदल सगळ्यांना दिसतात.

२. अँड्रॉइड असेल तर 'स्ट्रीटकम्प्लीट' घ्या. ते तुम्ही उभे असाल तिथले छोटे प्रश्न विचारतं: हा रस्ता डांबरी की कच्चा? या दुकानाची वेळ काय? उत्तर दिलं की झालं. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी 'एव्हरी डोअर' आहे, त्यात दुकानं आणि सोयी टाकता येतात.

३. रस्ते आणि इमारती काढायच्या असतील तर लॅपटॉपवर वेबसाइटमधलाच संपादक वापरा. छायाचित्र काही वेळा काही मीटर सरकलेलं असतं, त्यामुळे आधीचे बरोबर असलेले रस्ते त्याच्याशी जुळवायला जाऊ नका.

४. 'ऑरगॅनिक मॅप्स' किंवा 'ऑसमअँड' घेतलं तर हाच नकाशा नेटशिवाय चालतो. ट्रेकला जाताना मोठा आधार आहे. तुमचा बदल तिथे दिसायला मात्र नकाशा अपडेट व्हावा लागतो.

हे करू नका

- गुगल मॅप्स किंवा दुसऱ्या कोणत्याही नकाशावरून बघून माहिती उतरवू नका. तो कॉपीराइटचा भंग आहे, आणि असं काम काढून टाकलं जातं.
- कोणाच्या घरावर राहणाऱ्याचं नाव किंवा खासगी नंबर टाकू नका.
- स्वतःच्या दारापासून सुरू होणारा जीपीएस मार्ग सार्वजनिक करू नका.
- ऐकीव माहिती नको. बघितलंय, किंवा तिथल्या माणसाला विचारलंय, तेवढंच टाका.

या रविवारी एक छोटं काम करा. तुमचं किंवा आजी-आजोबांचं गाव या नकाशावर शोधा. झेडपीची शाळा आहे का? आरोग्य उपकेंद्र आहे का? वाडीचं नाव देवनागरीत बरोबर आहे का? नसेल तर घरात विचारा आणि टाका. पहिला बदल करायला दहा मिनिटं पुरतात.