मनोरंजनात्मक फुटबॉल, व्यायामपरंपरा आणि हृदयस्वास्थ्य : मौदा परिसराच्या संदर्भात ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

कन्हान नदीकाठी, नागपूर-भंडारा महामार्गावर वसलेले मौदा हे नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण होय. धान हे या परिसराचे प्रमुख पीक. चिखलणी, रोवणी, कापणी आणि चुरणी ही सर्व कामे एकेकाळी माणसाच्या व बैलाच्या बळावर चालत. त्यामुळे शरीराला वेगळ्या व्यायामाची गरज भासत नसे. ट्रॅक्टर, कापणीयंत्र व मोटारसायकल यांनी हे चित्र पालटले. एन.टी.पी.सी.च्या २३२० मेगावॅट क्षमतेच्या औष्णिक विद्युत प्रकल्पामुळे तालुक्यात पाळीच्या नोकरीचे जीवनही आले. श्रम कमी झाले. परंतु त्यांची जागा खेळाने घेतली का, हा खरा प्रश्न आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक सर्वेक्षणाचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष या प्रश्नाचे उत्तर देतात. महाराष्ट्रातील ९१.३ टक्के व्यक्ती फावल्या वेळात कोणताही व्यायाम वा खेळ करीत नसल्याचे त्यात आढळले. देशातील एकूण मृत्यूंमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा वाटा १९९० मध्ये १५.२ टक्के होता, तो २०१६ मध्ये २८.१ टक्क्यांवर गेला. या वाढीमागे आहार, तंबाखू, वाढते वय अशी अनेक कारणे आहेत. शारीरिक निष्क्रियता हे त्यांपैकी एक महत्त्वाचे कारण होय. या पार्श्वभूमीवर व्यायामाचे प्रयोजन कालौघात कसे बदलत गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विदर्भातील व्यायामपरंपरा

विदर्भात संघटित व्यायामाची परंपरा जुनी आहे. अमरावती येथे १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. पारतंत्र्याच्या त्या काळात बलोपासना, शिस्त व राष्ट्रतेज ही व्यायामाची उद्दिष्टे होती. फुटबॉल भारतात पसरला तो मुख्यतः इंग्रजांच्या लष्करी छावण्यांमधून. नागपूर जिल्ह्यात १८२१ मध्ये वसलेली कामठीची छावणी कन्हानच्याच काठी आहे आणि कामठीने फुटबॉलचे वेड आजही जपले आहे. आखाडा असो वा मैदान, दोन्हीकडे तरुणाचे बळ आणि विजय यांचेच मोजमाप होत असे. चाळिशीतील गृहस्थाचे हृदय कोणाच्या हिशेबात नव्हते.

हृदयाचा शास्त्रीय विचार

हा हिशेब प्रथम मांडला तो लंडनच्या बसगाड्यांनी. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले की, दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसच्या पायऱ्या चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी होते. यावर आक्षेप आला की, चालकाच्या नोकरीत मुळातच स्थूल माणसे येत असावीत. मॉरिस यांनी गणवेशाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा चालकांच्या विजारींचा कंबरेचा घेर खरोखरच अधिक आढळला. त्यामुळे पुढील संशोधनास अधिक काटेकोरपणा आला.

महाविद्यालयीन शिक्षकांच्या दृष्टीने राल्फ पॅफेनबार्गर यांचा १९७८ चा अभ्यास अधिक मोलाचा आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या सुमारे १७ हजार माजी विद्यार्थ्यांच्या या अभ्यासात असे दिसले की, विद्यार्थिदशेत संघाकडून खेळलेल्यांना नंतर व्यायाम सोडल्यास पूर्वीच्या खेळाचे संरक्षण लाभत नाही. उलट, तेव्हा न खेळलेला पण पुढे सक्रिय राहिलेला मनुष्य अधिक सुरक्षित असतो. तात्पर्य, व्यायाम धान्यासारखा कोठारात साठवून ठेवता येत नाही.

मनोरंजनात्मक फुटबॉल

डेन्मार्कमध्ये पीटर क्रुस्ट्रप यांच्या गटाने स्पर्धेविना, छोट्या मैदानावर, मोजक्या खेळाडूंत खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलचा अभ्यास केला. त्यांच्या २०१३ मधील अभ्यासात रक्तदाब वाढलेले ३१ ते ५४ वयोगटातील ३३ पुरुष होते. सहा महिने, आठवड्यातून दोनदा, एक तास खेळणाऱ्यांचा सरासरी रक्तदाब १५१/९२ वरून १३९/८४ वर आला. केवळ वैद्यकीय सल्ला मिळालेल्या गटात घट कमी होती. धावणे, थांबणे, वळणे व पुन्हा वेग घेणे या आलटून-पालटून येणाऱ्या श्रमांमुळे हृदय प्रत्येक ठोक्यास अधिक रक्त ढकलू लागते आणि रक्तवाहिन्यांची लवचिकता वाढते. शिवाय चेंडूमागे धावताना दमल्याची जाणीव उशिरा होते, सोबती वाट पाहतात, आणि म्हणून माणूस पुन्हा मैदानावर येतो.

या निष्कर्षांना मर्यादा आहेत. प्रयोगातील संख्या अल्प होती आणि मृत्यू किती टळले हे त्यातून सिद्ध होत नाही. सवय नसलेल्या मध्यमवयीन व्यक्तीने एकाएकी जोराचा खेळ खेळणे धोक्याचे ठरू शकते. वैद्यकीय तपासणी व हळूहळू वाढविलेला सराव आवश्यक आहे. छातीत दुखणे वा भोवळ येणे ही खेळ तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जाण्याची सूचना होय.

समारोप

अशा खेळासाठी भव्य क्रीडांगण लागत नाही, हे नागपूरनेच सिद्ध केले आहे. हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली फुटबॉलसारखी लाथाडणारी मुले पाहिली आणि २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉलचा आरंभ केला. त्यांचे उद्दिष्ट सामाजिक होते. तथापि मैदान सर्वांचे आहे, हा त्यातील विचार हृदयस्वास्थ्यासही लागू पडतो.

महाविद्यालये क्रीडायशाची नोंद चषकांच्या संख्येने करतात; पदवीबरोबर विद्यार्थ्याचा खेळही संपतो. मौद्यासारख्या तालुक्यात आठवड्यातून दोन सायंकाळी महाविद्यालयाचे मैदान माजी विद्यार्थी, कामगार, शेतकरी, प्राध्यापक आणि विशेषतः स्त्रिया यांना खुले झाले, तर त्यासाठी खर्च येईल तो एका चेंडूचा. बलोपासनेच्या परंपरेतील पुढचा टप्पा तोच ठरेल. आणि त्याचे यश चषकांच्या कपाटात दिसणार नाही, तर पन्नाशीतही मैदानावर येणाऱ्या माणसांत दिसेल.